उजवीकडची काळी पट्टी

४ फेब्रुवारी

चिमे,

टीव्ही पोचला. तू आणि माझे चिरंजीव, दोघांनी संगनमत करून माझ्या भिंतीवर ही लांबलचक फळी ठोकलीत, त्याबद्दल आभार मानू की भांडू ते अजून ठरलेलं नाही. आयुष्यभर लोकांचे टीव्ही उघडून पोट भरलं, आणि आता माझ्याच घरात असा टीव्ही आहे की ज्याला उघडायला मागे झाकणसुद्धा नाही.

पहिल्याच संध्याकाळी आपली ती जुनी मालिका लावली. वकिलाच्या घरातली, जी मी दुकानात लावायचो आणि अख्खी गल्ली दारात बसून बघायची. एका वाहिनीवर ती पुन्हा सुरू झाली आहे. वकीलसाहेब आले आणि मी हबकलोच. काडीपैलवान माणूस, आता गोणीसारखा दिसतोय. घड्याळ लंबगोल, मोटारीची चाकं लंबगोल. कारण सरळ आहे. त्या वेळचं चित्र जवळजवळ चौकोनी होतं, आणि हा पडदा लांबट. मग हा शहाणा टीव्ही काय करतो, तर चौकोनी चित्र दोन्ही बाजूंनी धरून ओढतो.

तू म्हणशील, बघायचं सोडून खोड्या काय काढतोस. पण तुला माहीत आहे, कानात यंत्र घातलं तरी मला नुसती शिट्टी ऐकू येते. म्हणून तर फोन सोडून ही पत्रं चालतात आपली. मी ओठ वाचतो, चिमे. ओढलेल्या तोंडांचे ओठ काय वाचणार? सगळे मिळून जांभया देतायत असं वाटतं.

आणि चिरंजीव मार्चअखेर येणार आहेत. "बाबा, मी येऊन बघतो, मग ठरवू." ठरवू म्हणजे काय ते न कळायला मी कुक्कुलं बाळ नाही. मला उचलून त्याच्या सातव्या मजल्यावर नेऊन ठेवायचं आणि या घराला कुलूप. मला इथून हलायचं नाही. इथे माझं कामाचं टेबल आहे, अजून रेडिओ दुरुस्तीला आणणारे दोन-चार म्हातारे आहेत, तुझ्या वहिनीने लावलेली झाडं आहेत. तुझं तो ऐकतो. तू त्याला सांग.

दादा

११ फेब्रुवारी

दादा,

आधी वाकून नमस्कार, मग भांडण.

टीव्ही दिला तर त्याची चाकं लंबगोल, नसता दिला तर बहिणीला माया नाही. तुझं कसं करायचं? आमच्याकडेही मी तीच मालिका बघते, दुकान बंद करून आले की. इथे जावईबापूंचं राज्य. मी म्हटलं, चित्र आहे तसं दाखवा. तर म्हणतात, "एवढा मोठा पडदा काय बाजूच्या काळ्या पट्ट्या बघायला आणला?" तेव्हा आमच्याकडे सगळे लठ्ठच. वकिलाची धाकटी सून आठवते ना, चवळीची शेंग होती. तिचा आता दुधी भोपळा झालाय. मी शिवणकाम करणारी बाई, मला तर प्रत्येकाच्या कपड्यांना दोन्ही बाजूंनी टिपा घालून घ्याव्याशा वाटतात.

भाच्याशी बोलले. स्पष्ट सांगितलं, "तुझे बाबा ठणठणीत आहेत. त्यांना त्यांच्या घरात राहू दे. काही झालं तर जबाबदारी माझी." तो म्हणाला, "आत्या, तू म्हणतेस म्हणून." आता मला तोंडघशी पाडू नकोस. रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही आणि स्कूटर हळू चालवायची. खरं म्हणजे या वयात स्कूटर कशाला, पण ते म्हटलं तर तू पुढचं पत्रच लिहायचा नाहीस.

खरंच बरा आहेस ना रे? मला उगीचच चुकल्यासारखं होतंय हल्ली.

चिमी

२० फेब्रुवारी

चिमे,

शाबास. भाच्याला गप्प करणारी बहीण सगळ्यांच्या नशिबी नसते.

टीव्हीला मी वठणीवर आणलं. त्या रिमोटच्या पोटात शिरलो, एकातून एक निघणाऱ्या याद्या पार केल्या, आणि शेवटी 'मूळ आकार' असं लिहिलेलं सापडलं. ते दाबल्याबरोबर वकीलसाहेब पुन्हा काडीपैलवान. मधे चौकोनी चित्र, दोन्ही बाजूंना उभ्या काळ्या पट्ट्या. तुझ्या जावयाला सांग, पट्ट्या बघायच्या नसतात, मधलं बघायचं असतं. ओठ आता स्वच्छ वाचता येतात. परवा तर वकिलाचं कोर्टातलं भाषण मी त्याच्याबरोबर म्हटलं.

पण सेटमध्ये एक खोट निघाली. उजवीकडची पट्टी डावीपेक्षा रुंद आहे. जुन्या टीव्हीत असं व्हायचं, चित्र एका अंगाला सरकायचं. मग मागच्या काचेच्या चित्रनळीच्या मानेवरची कडी जराशी फिरवली की गडी पुन्हा मध्यभागी. याला मान नाही आणि कडी नाही. जवळ जाऊन टेप लावली तर दोन्ही पट्ट्या सारख्या भरतात, आणि मागे येऊन खुर्चीत बसलो की उजवी पुन्हा पसरते. म्हणजे सेट तापला की चित्र सरकत असणार. तापल्यावर येणारा दोष सगळ्यात खट्याळ, दुकानात आणला की नेमका दिसत नाही.

बाकी ठीक. शेजारच्या मास्तरीणबाई माझ्यावर रागावल्या आहेत बहुतेक. रोज फाटकाशी उभ्या राहून चौकशी करायच्या, हल्ली दिसतच नाहीत. टीव्हीचा आवाज मोठा असतो म्हणून असेल. असू दे, मीही जात नाही. काल दुधाची गाडी उजवीकडून एकदम अंगावर आली. तो म्हणतो मी हॉर्न दिला. आता बहिऱ्याला हॉर्न दिला काय आणि नाही दिला काय. स्कूटर जरा कलंडली, मला काही झालेलं नाही. खांदा काळानिळा आहे तो त्याने नाही, तो स्वयंपाकघराच्या चौकटीने. सुताराने ती चौकट कधी सरळ बसवलीच नव्हती.

यातलं काही तुझ्या भाच्याला सांगू नकोस.

दादा

२७ फेब्रुवारी

दादा,

चौकट वाकडी, गाडीवाला वाकडा, मास्तरीणबाई वाकड्या, आणि आता टीव्हीही वाकडा. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते तुला बघूनच सुचलं असेल कोणाला तरी. चाळीस वर्षांची ती चौकट आजच तुझ्या अंगावर कशी यायला लागली?

स्कूटर कलंडली हे वाचून माझ्या हातातली कात्री खाली पडली. आणि तू ते मधेच, दोन ओळींत उरकतोस. भाच्याला मी काही सांगितलेलं नाही, पण त्याचा फोन आला की माझी जीभ अडखळते. मला खोटं बोलायची सवय नाही रे.

टीव्हीचं म्हणशील तर रिमोटवर झूम म्हणून काहीतरी असतं, ते चुकून दाबलं असशील. त्याने चित्र कापलं जातं असं जावईबापू म्हणतात. नाहीतर दुकानाचा माणूस बोलावून घे, आणि आल्यावर त्याला धडा शिकवत बसू नकोस.

मंगळवारचा भाग बघितलास ना? धाकटी सून खिडकीशी उभी आहे, वकील तिला नाही नाही ते बोलतोय, आणि ती एक अक्षर बोलत नाही. नुसती ऐकते, आणि शेवटी घराची किल्ली टेबलावर ठेवते. वहिनी तुझ्या दुकानात त्या प्रसंगाला दर वेळी डोळे पुसायची. मला तीच आठवली. एवढा लठ्ठ चेहरा करून दाखवला तरी मी रडले. तुला काय वाटलं ते लिही.

चिमी

६ मार्च

चिमे,

कुठली खिडकी आणि कुठली सून?

मी मंगळवारचा भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. वकील एकटाच बडबडतोय. समोर कोणी नाही. मला वाटलं, स्वतःशीच बोलतोय. तुझं पत्र आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. तो प्रसंग, तुझ्या वहिनीचा प्रसंग, मला दिसलाच नाही. माझ्या संतापाला पारावार राहिला नाही, चिमे. मी त्या भागाची महिनाभर वाट बघत होतो. बघताना ती शेजारी आहे असं वाटतं, एवढंच तर उरलंय.

झूमचं म्हणशील तर जावईबापूंना अर्धवट माहिती आहे. चौकोनी चित्र झूम केलं की डोकी आणि पाय कापले जातात, बाजू शाबूत राहतात. इथे डोकी आहेत, पाय आहेत, उजवी बाजू नाही. म्हणजे झूम नाही. सेट उजवीकडचं चित्र गिळतोय. काळीसुद्धा म्हणता येत नाही आता ती पट्टी. तिथे काहीच नाही.

दुकानाचा माणूस येऊन गेला. मिशी न फुटलेला इंजिनिअर. पडद्यावर रंगीत चौकटी लावल्या, म्हणाला सगळं ठीक आहे. वर मला म्हणतो, "काका, डोळे तपासून घ्या." ते मी त्याच्या ओठांवर बरोबर वाचलं. त्याला दार दाखवलं.

तरी म्हटलं, आपण आंधळेपणाने भांडायला नको. आमच्या धंद्यात एक नियम आहे. दोष सापडत नसेल तर एकेक भाग बदलून बघायचा. भाग बदलल्यावर दोष गेला तर तो त्या भागात होता. तसाच राहिला तर दुसरीकडे शोधायचा. मी डावा डोळा झाकून बघितलं, उजवीकडचं दिसत नाही. मग उजवा झाकून बघितलं, पुन्हा उजवीकडचंच दिसत नाही. दोन्ही डोळे एकाच वेळी, एकाच बाजूने, एकाच मापाने बिघडतील का? अगं, दोन बल्बसुद्धा कधी एकदम जात नाहीत. म्हणजे डोळे चोख आहेत आणि दोष सेटमध्ये आहे. आता त्यांच्याकडून सेट बदलून घेतल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

चिरंजीव यायच्या आत हे निस्तरायला हवं. त्याच्यासमोर मी टीव्हीशी भांडतोय असं दिसलं तर त्याला आयतंच कोलीत मिळेल.

दादा

१० मार्च

दादा,

सेटच्या बाबतीत तुझ्यापुढे मी काय बोलणार. दोन बल्ब एकदम जात नाहीत हे मलाही पटलं. आज टीव्हीच्या दुकानात फोन करून चांगली खरडपट्टी काढली. सेट बदलून देतो म्हणाले. तू आता जीवाला त्रास करून घेऊ नकोस, आणि त्या भागाचंही वाईट वाटून घेऊ नकोस.

पण एक विचारू? खांद्याला चौकट लागली तो खांदा कुठला? आणि मास्तरीणबाई फाटकाच्या कुठल्या अंगाला राहतात? मला आठवतंय त्याप्रमाणे तू घरातून बाहेर पडलास की त्यांचं अंगण उजव्या हाताला येतं. गाडीही उजवीकडूनच आली होती म्हणालास. मी उगीच दोन तुकडे जोडत असेन. पण शिवून झालेल्या कपड्यात टाचणी राहिली असली की कसं होतं, ती दिसत नाही आणि टोचते मात्र. तसं झालंय सकाळपासून. कामात लक्ष नाही, एक बाही उलटी लावली.

लगेच उत्तर लिही.

चिमी

१२ मार्च

दादा,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा तुझा मुलगा तुझ्याकडे पोचलेला असेल. मी त्याला फोन करून सगळं सांगितलं. गाडीचं, चौकटीचं, टीव्हीचं, सगळं.

झालं असं की माझ्याकडे एक नर्सबाई पडदे शिवायला टाकतात. डोळ्यांच्या दवाखान्यात आहेत. माप घेता घेता मी त्यांना तुझी गंमत सांगितली. गंमत म्हणूनच सांगितली, देवाशपथ. माझा भाऊ कसा हुशार आहे, एकेक डोळा झाकून त्याने टीव्हीचा दोष कसा शोधला, वगैरे. त्या हसल्या नाहीत. त्यांनी टेपचं टोक सोडलं आणि म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांना एकाच बाजूचं दिसत नसेल तर दोष डोळ्यांत नसतो. तो मागे असतो, मेंदूत. त्यांना आज दवाखान्यात न्या. उद्यावर ढकलू नका." डोळे चोख आहेत असं तू म्हणालास ना, ते खरंच आहे, दादा. पण तुझ्या दुकानात दोन बल्ब एकदम गेले असते तर तू बल्ब बदलत बसला असतास का? तू आधी मेन स्विच बघितला असतास.

मी शब्द मोडला. तू फितूर म्हण, घरबुडवी म्हण, जन्मभर बोलू नकोस. मार्चअखेरची परीक्षा तुला द्यायची होती आणि मी आधीच तुझा पेपर फोडला. तुझं घर जाईल हे कळत असूनही मी फोन लावला. पण मला तू हवा आहेस. त्या घरात नाही तर नाही, कुठेही, पण हवा आहेस.

स्कूटरला हात लावू नकोस. मी तुझ्या पाया पडते.

चिमी

२९ मार्च

चिमे,

अक्षर वाकडंतिकडं आलं तर समजून घे. ओळीचं टोक शोधायला मान वळवावी लागते.

तुझं शेवटचं पत्र मला इथे, सातव्या मजल्यावर मिळालं. मास्तरीणबाईंनी पुढे पाठवलं. बिचाऱ्या रोज फाटकाशी उभ्या राहून हात करत होत्या, आणि मी समोर बघून ताठ निघून जात होतो. त्यांना वाटलं म्हाताऱ्याला शिंगं फुटली. निघताना त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं, बाई, मला तुम्ही दिसलाच नाहीत. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटत होतं लोक मला टाळतायत.

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. मागच्या बाजूला एक रक्तवाहिनी तुंबली होती. गेलेलं परत दिसेल याची खात्री देत नाहीत. पण आणखी दिवस काढले असते तर मोठा झटका बसला असता, असं त्यांनी कागदावर लिहून दाखवलं, कारण त्यांच्या मिशीमुळे मला ओठ वाचता येईनात. गोळ्या चालू आहेत. स्कूटर गेली. घराला कुलूप आहे. आता तुला हवं ते सांगतो. मी तुझ्यावर रागावलेलो नाही. रागावलो असतो, तुझं पत्र आधी मिळालं असतं तर. पण ते मिळायच्या आधीच तो आला, आणि मला काहीच माहीत नव्हतं.

त्या दिवशी मी मालिका बघत होतो. दार नेहमीप्रमाणे उघडं, घंटा ऐकू येत नाही म्हणून मी ते लोटून ठेवतो नुसतं. तो आत आला. त्याने हाक मारली म्हणे, दोनदा. मग समोर न येता माझ्या शेजारच्या, उजवीकडच्या खुर्चीत बसला. आत्याने सांगितलं ते खरं की काय, ते त्याला बघायचं होतं. हात लांब केला असता तर मला लागला असता, एवढ्या जवळ.

आणि मला सवय आहे, एकटा असलो की मोठ्याने बोलायची. बहिऱ्याला स्वतःचा आवाज किती मोठा येतो ते कळत नाही. मी बोलत होतो ते त्याने सगळं ऐकलं. मी म्हणत होतो, पोरगा आला की उठताना उजवा हात भिंतीला लावून ठेवायचा, म्हणजे धडकणार नाही. त्याला डावीकडेच बसवायचं. जेवताना ताट जरा डाव्या अंगाला घ्यायचं. हसून बोलायचं. एकदा का तो परत गेला की मग सुटलो. चिमे, तुला मी सेटचा दोष म्हणून लिहीत होतो, आणि स्वतःशी हे बोलत होतो. दोन्ही माझ्याच तोंडून येत होतं. माणूस कसा असतो बघ.

भाग संपला. मी उठलो, ठरवल्याप्रमाणे उजवा हात भिंतीकडे नेला, आणि तो त्याच्या डोक्यावर पडला. मान वळवून बघतो तर माझा पोरगा. चेहरा ओलाचिंब. लहानपणी पडला तरी न रडणारा.

मी विचारलं, "कधी आलास?"

तो माझ्या समोर येऊन उभा राहिला, मला ओठ दिसतील असा, आणि सावकाश म्हणाला, "मी मघापासून इथेच बसलोय, बाबा."

त्याच्याशी भांडायला मी महिनाभर वाक्यं रचून ठेवली होती. एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "चल, मला पिशवी भरायला मदत कर."

दादा